कोरियात ऐकलं, दिल्लीत ऐकलं नाही : कृष्ण मेनन यांची गोष्ट

'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. नोव्हेंबर १९६२. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री व्हायला दिल्लीला गेले. पण ज्यांच्यामुळे ती वेळ आली असं म्हणतात, त्या व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याबद्दल विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. एक, चीनकडून मार खायला लावणारा मंत्री. दुसरं, काश्मीरसाठी यूएनमध्ये जवळपास आठ तास बोललेला वाघ. या दोन उत्तरांच्या मध्ये एक गोष्ट आहे, आणि तिच्यात आपल्या कोल्हापूरचा एक माणूस आहे.

मेनन मूळचे कोझिकोडचे. लंडनमध्ये इंडिया लीग चालवत त्यांनी वीसेक वर्षं स्वातंत्र्याचा प्रचार केला. १९४७ मध्ये नेहरूंनी त्यांना तिथलेच पहिले हायकमिशनर केलं. लगेच जीप प्रकरण झालं. काश्मीरच्या लढाईसाठी जुन्या जीप मागवल्या दोन हजार, आल्या १५५, आणि त्याही धड नव्हत्या. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं आणि पुढच्याच वर्षी मेनन थेट केंद्रीय मंत्रिमंडळात! तोंड तिखट, शत्रू भरपूर, पण नेहरूंचा विश्वास कायम.

आता त्यांची खरी कर्तबगारी. कोरियाचं युद्ध अडलं होतं युद्धकैद्यांवर. मायदेशी परत जायला तयार नसलेल्यांचं करायचं काय? मेनन यांनी सगळ्यांशी बोलून मसुदा तयार केला. ३ डिसेंबर १९५२ ला आमसभेत तो ५४ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. रशिया आणि चीनने आधी तो झिडकारला, पण १९५३ मध्ये तोडगा निघाला तो साधारण त्याच वाटेने.

कागदावरचा तोडगा जमिनीवर उतरवला कोणी? तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. आणि २२ हजारांहून अधिक कैदी सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख होते कोल्हापूरचे एस. पी. पी. थोरात. मेनन यांची मुत्सद्देगिरी यशस्वी ठरली ती या दोघांच्या जिवावर.

१९५७ मध्ये मेनन संरक्षणमंत्री झाले. थिमय्या लष्करप्रमुख, थोरात पूर्व विभागाचे प्रमुख. तीच माणसं, तोच विश्वास, असं वाटेल ना? झालं उलटंच. बढत्यांमधल्या ढवळाढवळीवरून खटके उडाले आणि १९५९ मध्ये थिमय्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला. त्याच वर्षी थोरातांनी नेफाच्या संरक्षणाचा आराखडा दिला. चीनकडून धोका आहे, एवढ्या फौजेत भागणार नाही, असं त्यात स्पष्ट होतं. मेनन यांनी तो उडवून लावला, असं थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलंय. १९६१ मध्ये दोघेही निवृत्त झाले. थिमय्यांच्या मनात आपल्या जागी थोरात होते, पण लष्करप्रमुख दुसराच झाला.

सगळा दोष एकट्या मेनन यांचा नाही, हेही सांगायला हवं. चीन हल्ला करणार नाही हा समज नेहरूंचाही होता. संरक्षणाला पैसा द्यायला अर्थखातं राजी नव्हतं. शस्त्रं देशातच बनवायचा हट्ट मेनन यांचाच. गोवा मुक्त झाला तेव्हा संरक्षणमंत्री तेच. देशातलं पहिलं सैनिक स्कूल साताऱ्यात १९६१ मध्ये निघालं, तेही त्यांच्याच काळात.

आणि त्यांना निवडून देणारे कोण? आपणच. १९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईने त्यांना आचार्य कृपलानींविरुद्ध लाखाहून जास्त मतांनी जिंकवलं. नऊ महिन्यांत त्यांचं मंत्रिपद गेलं. १९६७ मध्ये काँग्रेसने तिकीट नाकारलं, अपक्ष लढले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले.

मला यातून एवढंच दिसतं. मेनन यांना ऐकता येत नव्हतं असं नाही. परदेशात शत्रूराष्ट्रांचंही ते ऐकून घ्यायचे, म्हणून तर कोरियाचा मसुदा जमला. घरात मात्र हाताखालच्या जाणकाराने नको ते सांगितलं की त्यांना तो विरोधक वाटायचा. त्याची किंमत त्यांच्या खुर्चीने कमी आणि नेफातल्या जवानांनी जास्त मोजली.

सह्याद्री धावला, त्याचा अभिमान आहेच. पण त्याच सह्याद्रीतल्या एका सेनानीने तीन वर्षं आधी धोका सांगितला होता, हेही पोरांना सांगत जाऊ या.