मिश्र खेळांची कुळकथा

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा भाचा संगणकावर पत्ते खेळताना सापडला आणि घरात लहानसे वादळ उठले. “हे पत्ते नाहीत मामा, हा रोगलाईक आहे,” असा त्याने खुलासा केला. तो शब्द ऐकून आजीला रोगराई आठवली, आणि भगिनीचे म्हणणे असे की, पत्ते ते पत्ते. माय खरी की लेक खरा, हे ठरविण्यासाठी आम्हांस थोड्या इतिहासात शिरावे लागले. आजचे विवेचन त्यातून निघाले आहे.

संगणकावरील खेळांची वाटणी कशी करावी, याचा ऊहापोह क्रिस क्रॉफर्ड या अमेरिकन खेळकर्त्याने 1984 सालच्या आपल्या ग्रंथात केला. हाताच्या चपळाईचे खेळ एकीकडे आणि डावपेचांचे दुसरीकडे, असे दोन थोरले भाग त्याने पाडले. मात्र बरोबर असे एकच वर्गीकरण असू शकते, हे आपणांस मान्य नाही, असेही त्याने तेथेच बजावले. बाजाराला इतका विवेक कोठून असणार? त्याला तत्त्वापेक्षा नाव हवे असते, आणि नाव बहुधा मूळपुरुषाचे पडते. 1993 साली ‘डूम’ निघाला, तेव्हा त्याच्या घाटाच्या खेळांना कितीतरी दिवस ‘डूमच्या नकला’ असेच म्हणत.

‘रोग’ हा असाच एक मूळपुरुष. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ लुच्चा, भामटा असा आहे. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी 1980 च्या सुमारास हा खेळ रचला. पुढे केन अर्नोल्डही त्यात आला. चित्रे नाहीतच. पडद्यावर केवळ टंकलेखनाची अक्षरे: आपला वीर म्हणजे @ हे चिन्ह, आणि A पासून Z पर्यंतची सव्वीस अक्षरे म्हणजे सव्वीस राक्षस! या खेळाची खरी खुबी मात्र अक्षरांत नाही. दर डावाला भुयार नव्याने रचले जाते, वीर मेला की सारे मुळापासून, आणि आपण पाऊल उचलल्याखेरीज राक्षसही हलत नाही. हे तीन नियम एकमेकांना बांधलेले आहेत, हे ध्यानात घ्यावे. मरण कायमचे आहे म्हणून विचाराला सवड हवी. पुन्हा आरंभ करायचा आहे म्हणून भुयार नवे हवे. एक दोरा ओढला तर दुसरा सैल होतो.

या खेळाची संतती वाढली, तशी खरा वारस कोण याविषयी भांडणेही वाढली. 2008 साली असे खेळ रचणारी मंडळी बर्लिन येथे जमली आणि त्यांनी लक्षणांची एक यादी केली. त्यांचा शहाणपणा असा की, एखादे लक्षण नसले म्हणून खेळ बाद होत नाही, असे त्यांनी सोबतच लिहून ठेवले. पुढे अनेकांनी यादी पाठ केली आणि ही पुस्ती विसरली.

त्याच वर्षी डेरेक यू याचा ‘स्पेलंकी’ आला. गुहा आहे, ती दर वेळी नवी आहे, मरणही कायमचे आहे. पण वीर धावतो, उड्या मारतो, आणि थांबून विचार करायला फारशी उसंत नाही. उलट 2019 साली पूर्ण झालेल्या ‘स्ले द स्पायर’ या खेळात भुयाराचा पत्ता नाही. आहे एक मनोरा आणि हातात पाने. हाच आमच्या भाच्याचा खेळ. येथे मात्र पाळी आपली असेपर्यंत शत्रू थांबून राहतो. दिसण्यावर गेले तर ‘स्पेलंकी’ रोगचा सख्खा आणि ‘स्पायर’ परका ठरेल. आमचे मत उलट आहे. हरल्यावर एक खेळ बोटांना शिकवतो, दुसरा डोक्याला. आणि ‘रोग’ डोक्यालाच शिकवीत असे. मिश्र खेळाची जात त्याच्या वेषावरून न ठरवता, न हरण्यासाठी खेळणाऱ्याला काय करावे लागते, यावरून ठरवावी.

भगिनीच्या धास्तीचे मूळ जुगारात आहे, आणि ती धास्ती पोरकट नव्हे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली म्हटले होते. 2025 च्या केंद्रीय कायद्याने मात्र ऑनलाईन खेळांपुरता कौशल्य की नशीब हा वाद बाजूला सारून पैसा लागतो की नाही एवढेच पाहिले. वर्गाची कसोटी हेतूप्रमाणे बदलते ती अशी. भाच्याच्या खेळात पैसा लागत नाही, हे आम्ही पाहून घेतले आणि भगिनीस तसे सांगितले.

मग स्वतः बसलो. पहिल्या काही लढायांतच आमचा वीर धारातीर्थी पडला. भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, शत्रू पुढे काय करणार ते त्याच्या डोक्यावर दाखवलं होतं. तू बघितलंच नाहीस.”