हौस खात्याचा जमाखर्च



आपल्यात मुनींची चरित्रे छापली जातात आणि मंदिर बांधणाऱ्यांची नावे संगमरवरावर कोरली जातात. पण पेठेत बसून हसतखेळत पन्नास वर्षे दुकान चालवणाऱ्या माणसाचा इतिहास कोणी लिहीत नाही. तो दोनच ठिकाणी उरतो: लाल कापडी वह्यांत आणि घरातल्या भांडणांत. माझे मामंजी दोन्हीकडे आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते गेल्यावर वाटणीच्या बैठकीत एक वाक्य पुन्हा पुन्हा निघाले, "अण्णांनी हौसेपायी दुकान घालवलं." मी बी.कॉम. झालेली. माळ्यावरच्या वह्या खाली काढल्या आणि वाचायला बसले.

आधी त्यांचे गाव आणि धंदा सांगते. अण्णा वाढले तेव्हा सांगली म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानाची छोटीशी राजधानी. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. जिल्ह्याचे नाव आधी दक्षिण सातारा होते, ते १९६० साली सांगली झाले. गावाची खरी ओळख मात्र हळदीची. आमचे हळदीचे अडत दुकान. शेतकऱ्याची हळद सौद्यात विकून द्यायची, त्यावर अडत घ्यायची, आणि जमेल तशी स्वतःच्या नावानेही घेऊन ठेवायची. आपल्याकडे ओली हळद कंदमूळ म्हणून चालत नाही, पण घर मात्र वाळलेल्या हळदीवर चालले!

घेतलेली हळद ठेवायची हरिपूरच्या पेवात. ज्यांनी पेव पाहिले नाही त्यांच्यासाठी लिहिते. हरिपूर म्हणजे सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे गाव. तिथल्या मातीत पेव खणले तर एरवी ओल येत नाही. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मोठे, खोली वीसेक फूट. आतून पाला आणि चटया लावून हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. आत हवा नाही म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षे टिकते. उघडताना तोंड काही तास मोकळे ठेवून कंदील सोडून पाहतात. ज्योत विझली तर माणूस उतरवत नाहीत.

आता हौस. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते सांगलीतच, आणि 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. म्हणजे अण्णांचा माल आणि त्यांचे वेड एकाच मातीतले. पेव बघायला म्हणून हरिपूरला जायचे आणि संगमेश्वराच्या घाटावर कोणाकडून तरी दोन पदे ऐकून यायचे. नाटक असले की दिवस मावळायच्या आत जेवण उरकून निघत. रात्री अन्न नाही हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. मध्यंतरात बाकीच्यांना भजी-चहा देत आणि स्वतः नुसते वास घेत उभे राहत. सासूबाई म्हणत, "कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही सारखीच! तुम्ही खात नाही, पण खायला घालता, आणि वर बरं वाटतं ते वेगळंच." अण्णा हसत आणि पुढच्या नाटकाची तिकिटे काढत.

एक रांग बायकांसाठी असे. तिच्यात सासूबाई, नणंदा आणि आमच्या हमालांच्या घरच्याही. पेठेत त्यावर बोलणी झाली, ती सासूबाईंनीच ऐकून घेतली.

१९८१ साली श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराला हजार वर्षे पूर्ण झाली म्हणून महामस्तकाभिषेक झाला. मी घरात नवी. अण्णांनी बस ठरवली आणि त्यात दिवाणजी, तोलाईदार, हमाल, सगळ्यांना बायकामुलांसह बसवले. वाटेत भेंड्या, नकला, गाणी. ५७ फुटांच्या मूर्तीसमोर मात्र हा माणूस इतका वेळ गप्प उभा राहिला की सासूबाई दोनदा पाहून आल्या.

मैत्रिणींनो, अशा हौशी माणसाच्या घरात कष्ट कोणाचे, हे तुम्हाला सांगायला नको. "वीस माणसं येतायत" हा निरोप दुपारी चारला यायचा आणि सूर्यास्ताआधी वीस पाने उठायची. त्या कष्टांचे खाते कुठल्याच वहीत नाही.

आता वह्यांकडे येते. पहिल्या दोन-तीन मोडीत आहेत, त्या बाजूला ठेवल्या. पुढच्या बाळबोध आहेत. खतावणीत खरेच 'हौस खाते' आहे. नाटक, बस, भडंग, सगळे त्यात. पण ती रक्कम दर दिवाळीला अण्णांच्या स्वतःच्या खात्यातून वळती केलेली. दुकानाच्या खर्चात एकही तिकीट नाही. धंदा वेगळा आणि मालक वेगळा, हे आम्ही कॉलेजात शिकलो. मामंजी ते न शिकता पाळत होते. कोणत्याही वर्षी हौसेचा आकडा दिवाणजींच्या पगारापुढे गेलेला नाही. गळती होती ती उधारीच्या पानांवर. "मागू सावकाश" म्हणून सोडलेल्या रकमा पानोपानी आहेत. हा त्यांचा दोष खरा, आणि त्यावरून आमचे हे त्यांच्याशी नेहमी भांडत.

दुकान बसले ते २००५ च्या महापुरात. दोन्ही नद्यांचे पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले आणि अण्णांनी घेऊन ठेवलेली हळद कुजली. शेतकऱ्यांचे पैसे दुकानात ठेव म्हणून होते. मुलांचे म्हणणे, सध्या थोडे थोडे देऊ. अण्णा म्हणाले, "माल माझा बुडाला. त्यांची हळद मी एप्रिलातच घेतली होती." बाजारातला गाळा विकला, तरी कमी पडले. तेव्हा सासूबाईंनी पाटल्या काढल्या, सराफाकडून वजन करून आणल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नावाने जमा करा." वहीत ती नोंद आहे. सगळ्या शेतकऱ्यांची खाती पुढच्या दिवाळीआधी मिटली. सासूबाईंचे तेवढे उघडे राहिले. दुकान पुन्हा त्या उंचीला गेले नाही, आणि चार वर्षांनी अण्णा गेले.

पुढच्या बैठकीत मी ते पान मध्ये ठेवले. हौसेचे आकडे वाचून दाखवले, उधारीचेही, आणि मग पाटल्यांची नोंद. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी थोरल्या दिरांनी कागद ओढला आणि वाटणी करण्याआधी आईचे देणे म्हणून पहिली रक्कम बाजूला काढली, आजच्या सोन्याच्या भावाने. सासूबाईंना वहीवर सही करायला दिली. त्या म्हणाल्या, "आता खातं बंद कर." मी दोन रेघा मारल्या.

तुमच्या माळ्यावरही अशा वह्या असतील. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. घरच्या बाईच्या नावाची जमा कुठे आहे, तेवढे तरी शोधा.