बसलेल्या कामगाराची पाठ

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४४ ने उभे राहून काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय बंधनकारक केली होती. अशा तरतुदींमागे मुंबईच्या गिरणी कामगारांचा दीर्घ लढा होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली. कायद्याच्या नजरेसमोर होता तो मागाजवळ उभा असलेला कामगार.

पुढे पुण्या-मुंबईत कॉल सेंटरे आली. ती कारखाना नव्हेत; दुकाने व आस्थापनांच्या कायद्याखाली मोडणारी. येथे खुर्ची मिळाली, पण उठण्याची मुभा मोजून. प्रत्येक कॉलचे सेकंद संगणक मोजतो, अमेरिकेच्या दिवसासाठी येथे रात्र जागवावी लागते. ताणाने खांदे आखडतात, मान आणि कंबर धरते.

कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतील २९ रोगांत सिलिकोसिस होता, गोंगाटाने येणारे बहिरेपणही होते, कंबरदुखी नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती नाही, आणि आसनाची तरतूद अजून उभ्या कामगारासाठीच आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला वाटते, ज्या दुखण्याची नोंद नाही त्याचा खर्च मालकाच्या हिशेबात येत नाही. तो कामगाराच्या अंगावर पडतो. बसलेल्याला उठण्याचा हक्क देणारे कलम आता लिहिले गेले पाहिजे.