चिकटचित्राचे कुळ

चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी रद्दीच्या दुकानात जो कागद येऊन पडतो, त्याच्या पोतांचा हेवा एखाद्या चित्रशाळेनेही करावा: आडत्याच्या पावतीचा पिवळट पातळ कागद, मारवाडी वहीचे सळ पाडलेले जाड पान, लग्नपत्रिकेचा उठावदार पुठ्ठा, आणि आगगाडीच्या गावास शोभेलसे, आता चलनातून गेलेले पुठ्ठ्याचे तिकीट. असे तुकडे चौकटीत बसवून चित्र रचण्याची कला, अर्थात कोलाज, पॅरिसमध्ये जन्मली असे आपण शिकतो. १९१२ मध्ये पिकासोने वेतकामाची नक्षी छापलेले मेणकापड चित्रात चिकटविले, आणि त्याच वर्षी ब्राकने आव्हिन्यों येथील दुकानातून लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद आणून कोळशाच्या रेखाटनात बसविला. ही नोंद खरी आहे. मात्र कुळ त्याहून बरेच जुने आहे.

कागदावर कागद सांधून पान रचण्याचा उद्योग मोगल दरबारात त्यापूर्वी तीनशे वर्षे एखाद्या स्वतंत्र खात्याच्या शिस्तीने चालत होता. अशा रचलेल्या पानांच्या संग्रहास मुरक्का म्हणत. जहांगीराच्या ज्या गुलशन मुरक्क्याची पाने आज तेहरान व बर्लिन येथे आहेत, त्यात फारसी सुलेखनाचे तुकडे, हिंदुस्थानी चित्रे आणि युरोपातून आलेले छापील ठसे शेजारी शेजारी नांदतात. असे मुरक्के सिद्ध करताना तुकडे सांधणारा वस्साल निराळा, सांध्याभोवती रेघांची चौकट आखणारा जदवलकश निराळा, आणि हाशियावर सोनेरी वेलबुट्टी काढणारा निराळा असे. माझ्या मते या तिघांत थोर तो जदवलकश; कारण विजातीय तुकड्यांचे एक पान होते ते त्याच्या रेघेमुळे, आणि खळ कितीही चिवट असली तरी तिला ते साधत नाही. रेघेची ही चौकट कागदपत्रांतूनही आपल्याकडे रुजली. चांदूर रेल्वे ज्यात येते ते वऱ्हाड १५९६ मध्ये मोगलांकडे आले, पुढे निजामाकडे गेले, १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात आले. अंमल बदलले, पण जमाबंदीचे रकाने काही सुटले नाहीत. चौकटीची सवय आपल्या हातास चित्रशाळेपेक्षा कचेरीनेच अधिक लावली, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

घरगुती शाखा याहून मौजेची. १८९४ मध्ये मुंबईत निघून पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचविल्या, तेव्हा त्या छापील देवींच्या साड्यांवर खरी जर, टिकल्या व कापड चिकटविण्याची हौस सुरू झाली. बाजारातल्या अशाच देवादिकांच्या तसबिरी कापून चित्रकार भूपेन खक्कर यांनी कोलाज केले, आणि त्यांचे पहिले एकल प्रदर्शन १९६५ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत भरले.

मग १९१२ चे श्रेय कोणते? चिकटविणे जुनेच होते. परंतु मुरक्क्यात मानाचाच कागद जाई, आणि कवडीमोल कागदास चित्रात जागा देण्याचे धैर्य मात्र युरोपीयांचे. १९१९ पासून जर्मन चित्रकार श्विटर्सने ट्रामची वापरलेली तिकिटेदेखील निःसंकोच चिकटविली.

रद्दीत हात घालणाऱ्यास एवढीच विनंती, की मोडी लिपीतला कागद हाती आला तर त्यास कात्री लावू नये; तो जाणकारास दाखवावा, आणि पोताचा मोह आवरत नसेल तर त्याची छायाप्रत चिकटवावी.