वर्ग व्यवस्थापन : परिणामकारक अध्यापनाचा पाया

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि दरवर्षी काही नवे शिक्षक पहिल्यांदाच स्वतंत्रपणे वर्गावर उभे राहतात. हाती पदविका किंवा पदवी असते, विषयाची तयारी असते, पाठ टाचण नीटनेटके लिहिलेले असते. तरीही पहिल्या दहा मिनिटांतच मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते, कोणी पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागतो, कोणाची पेन्सिल हरवते. शिक्षकाचा आवाज चढत जातो, त्याबरोबर वर्गाचाही चढतो. घंटा होते तेव्हा फळ्यावर धड्याचे नाव आणि दोन ओळी एवढेच उरलेले असते. विषयाचे ज्ञान कमी पडले म्हणून हा तास वाया गेलेला नसतो. तो हातचा जातो ते वर्ग व्यवस्थापनाच्या अभावी.

वर्ग व्यवस्थापन म्हणजे मुलांना गप्प बसवणे, असा एक सार्वत्रिक समज आहे. शांत वर्ग हा शिकणारा वर्ग असतोच असे नाही. भीतीने गप्प बसलेली मुले फळ्याकडे पाहत असतात, पण त्यांचे मन धड्यात असेलच याची खात्री देता येत नाही. उलट गटात चर्चा करणाऱ्या वर्गात आवाज असतो, पण तो कामाचा असतो. वेळ, जागा, साहित्य, सूचना आणि परस्परसंबंध यांची अशी आखणी करणे, की वर्गातील प्रत्येक मुलाला शिकण्याची संधी मिळावी, हा या संकल्पनेचा खरा अर्थ होय.

वेळेचा हिशेब

या प्रश्नाचे गांभीर्य साध्या गणितातून समजते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यातील अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन होणे अपेक्षित आहे. आता ३५ मिनिटांची एक तासिका घ्या. हजेरी, वह्या काढणे, फळा पुसणे, एक सूचना तीनदा सांगणे आणि ‘गप्प बसा’ असे बजावणे यांत सात मिनिटे गेली, तर तासिकेचा पाचवा हिस्सा संपला. प्रत्येक तासिकेत असेच घडत राहिले तर उच्च प्राथमिक वर्गाचे वर्षाकाठी २०० तास, म्हणजे सुमारे ४४ दिवस वाया जातात. दीड महिना शाळा बंद ठेवावी, तसाच हा प्रकार.

याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. ज्या मुलाला घरी शिकवणारे कोणी आहे किंवा ज्याची शिकवणी लावलेली आहे, ते हे नुकसान भरून काढते. ज्याचे शिकणे केवळ शाळेवर अवलंबून आहे, त्याचा तो तास कायमचा जातो. म्हणूनच वर्ग व्यवस्थापन हा शिस्तीपुरता विषय राहत नाही, तो समान संधीचा प्रश्न होतो.

छडी गेली, पुढे काय?

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे मानले जाई. शिक्षकाच्या टेबलावर छडी असे आणि ती तेथे आहे एवढी जाणीवही पुरेशी ठरे. १ एप्रिल २०१० रोजी अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास तसेच त्याचा मानसिक छळ करण्यास स्पष्ट मनाई केली. असे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कायद्याने केवळ मारण्याला बंदी केली असे अनेकांना वाटते. वस्तुतः ‘मठ्ठ’ म्हणून हिणवणे, वर्गासमोर अपमान करणे किंवा जातीवरून, आर्थिक स्थितीवरून टोमणे मारणे, अशा वागण्यातूनही मुलाचा मानसिक छळच होतो.

‘मग मुले ऐकणार कशी?’ हा सवाल शिक्षकांच्या खोलीत आजही ऐकू येतो. छडी काढून घेतली, पण तिच्या जागी काय आणायचे हे प्रशिक्षणात पुरेसे शिकवले गेले नाही, अशी ही तक्रार आहे. ती अगदीच निराधार नाही. पाठ कसा घ्यावा याचा सराव प्रशिक्षणार्थींना मिळतो, पण पाठ सुरू असताना दोन मुले भांडू लागली तर काय करावे, याचा सराव क्वचितच होतो. या प्रश्नाचे उत्तर मात्र अभ्यासकांनी फार पूर्वीच शोधले आहे.

कौनिन यांचे संशोधन

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांचे या क्षेत्रातील काम पायाभूत मानले जाते. महाविद्यालयात व्याख्यान देताना त्यांनी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला खडसावले. त्या एकाला बोलल्याचा परिणाम इतर विद्यार्थ्यांवरही झाला आणि सारा वर्ग सावरून बसला. पाण्यात खडा टाकल्यावर तरंग पसरत जावेत तसा हा परिणाम त्यांच्या कुतूहलाचा विषय ठरला. पुढे त्यांनी प्राथमिक वर्गांचे चित्रीकरण करून त्याचा बारकाईने अभ्यास केला आणि १९७० मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले.

हे निष्कर्ष अनपेक्षित होते. गैरवर्तन घडल्यानंतर शिक्षक कसा रागावतो, यावरून यशस्वी आणि अयशस्वी शिक्षकांत फरक करता येत नव्हता. फरक होता तो गैरवर्तन घडण्याआधीच्या कृतींमध्ये. यशस्वी शिक्षकांची काही वैशिष्ट्ये त्यांनी नोंदवली :

- चौफेर भान : वर्गात कोठे काय चालले आहे हे शिक्षकाला ठाऊक असते आणि त्याला ते ठाऊक आहे, हे मुलांनाही कळते. फळ्यावर लिहितानाही असा शिक्षक वर्गाकडे पूर्ण पाठ करत नाही.
- एकाच वेळी दोन कामे : एका मुलाची वही तपासत असतानाच तो नजरेने किंवा खुणेने दुसऱ्याला कामाला लावतो. तपासणी थांबत नाही आणि दुसरीकडे दुर्लक्षही होत नाही.
- सलगता : पाठ मध्येच तोडून किरकोळ गोष्टीवर भाषण देणे तो टाळतो. खाली पडलेल्या कागदाच्या बोळ्यावरून पाच मिनिटे उपदेश झाला, तर पाठाची लय पुन्हा सापडत नाही.
- सर्वांचा सहभाग : आधी प्रश्न, मग थोडा विराम आणि नंतर मुलाचे नाव, असा त्याचा क्रम असतो. नाव आधी घेतले की उरलेला वर्ग निश्चिंत होतो.

यातील शेवटच्या मुद्द्याला मेरी बड रो यांच्या अभ्यासाने बळकटी दिली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे त्यांना १९७० च्या दशकातील निरीक्षणांत आढळले. हा विराम तीन सेकंदांपर्यंत वाढवला, की उत्तरे अधिक विस्तृत येतात, स्वतःहून बोलणाऱ्या मुलांची संख्या वाढते आणि निरुत्तर राहण्याचे प्रमाण घटते. या उपायाला पैसा लागत नाही, लागतो तो संयम.

गिजुभाई ते कोसबाड

हा विचार केवळ पाश्चात्त्य नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचे प्रयोग करणारे गिजुभाई बधेका यांनी ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकात एका प्रयोगशील शिक्षकाची कथा सांगितली आहे. चौथीचा वर्ग हाती आल्यावर तो पहिल्याच दिवशी मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो आणि वर्गात एकच गोंधळ उडतो. त्याची तयारी घरी बसून केलेली होती, समोरच्या मुलांना जाणून केलेली नव्हती. ही चूक उमगताच दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला सुरुवात करतो आणि तीच मुले तल्लीन होऊन ऐकू लागतात. मुलांना करण्याजोगे, रस वाटेल असे काम मिळाले की शिस्त आपोआप येते, हा या कथेचा बोध आजही तितकाच लागू आहे.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे काम महाराष्ट्रात आणले. आधी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शिक्षणाचे प्रयोग केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली पाहिजे, या विचारातून कुरणशाळा उभी राहिली. मुलांच्या परिस्थितीनुसार वर्गाची रचना बदलण्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

तासिकेची आखणी

या तत्त्वांचा दैनंदिन अध्यापनात पुढीलप्रमाणे उपयोग करता येतो.

पहिली पाच मिनिटे : शिक्षक वर्गात शिरतो तेव्हा मुलांसाठी काम तयार असावे. फळ्यावर आदल्या पाठावरील दोन उदाहरणे किंवा चार शब्द लिहिलेले असले, की मुले त्यात गुंततात आणि हजेरी त्याच वेळी उरकते. रिकामा वेळ हाच गोंधळाचा उगम असतो.

मोजके नियम : वर्षाच्या आरंभी मुलांशी चर्चा करून चार-पाच नियम ठरवावेत आणि ते वर्गात लावावेत. ‘ओरडू नका’ यापेक्षा ‘दुसरा बोलत असताना ऐकावे’ अशी विधायक भाषा अधिक उपयोगी पडते. नियम सर्वांना सारखे असावेत. हुशार मुलाला सवलत आणि खोडकर मुलाला शिक्षा, असा भेद मुले तात्काळ ओळखतात.

ठरलेल्या सवयी : वह्या कशा गोळा करायच्या, गट कसे करायचे, पाणी प्यायला केव्हा जायचे, हे एकदा शिकवून सरावाने पक्के करावे. लक्ष वेधण्यासाठी ओरडण्याऐवजी हात वर करणे किंवा ठरावीक लयीत टाळी वाजवणे अशी खूण ठरवावी. त्यामुळे शिक्षकाच्या घशावरील ताणही कमी होतो.

सूचना : एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती वर्ग शांत झाल्यावरच द्यावी. गटात बसवण्यापूर्वी काय करायचे, किती वेळात करायचे आणि शेवटी काय दाखवायचे, या तीन गोष्टी सांगाव्यात. मुले उठून जागा बदलू लागल्यावर दिलेली सूचना हवेत विरते.

बैठक व्यवस्था : पुढच्या रांगा आणि मधला पट्टा येथील मुलांशीच शिक्षकाचा संवाद अधिक होतो. कडेची व मागची मुले हळूहळू प्रेक्षक बनतात. त्यासाठी दर आठवड्याला जागा बदलाव्यात आणि शिक्षकाने टेबलापाशी न थांबता बाकांमधून फिरावे. वैयक्तिक कामासाठी रांगा, तर चर्चेसाठी गट किंवा अर्धवर्तुळ सोयीचे ठरते. दृष्टी किंवा श्रवणाची अडचण असलेल्या मुलांची पुढची जागा मात्र कायम ठेवावी.

गैरवर्तन : किरकोळ गोष्टींसाठी नजर, विराम किंवा बाकाजवळ जाऊन उभे राहणे पुरेसे असते. तेवढ्याने भागले नाही तर हळू आवाजात नाव घ्यावे. तरीही न थांबल्यास तासिकेनंतर एकट्याला बोलावून बोलावे. चारचौघांत अपमान झालेला विद्यार्थी आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी उलट उत्तर देतो आणि तेथे वर्गाचा रंगमंच होतो. चुकीच्या कृतीबद्दल बोलावे, मुलाच्या स्वभावाबद्दल नाही.

कौतुक : ‘छान’, ‘शाब्बास’ हे शब्द सरसकट वापरले की त्यांचे मोल जाते. ‘आज उदाहरणाच्या पायऱ्या नीट लिहिल्यास’ असे नेमके कौतुक मुलाला पुढची दिशा दाखवते.

मोठा वर्ग, मोठी कसोटी

शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० विद्यार्थ्यांमागे एक, तर उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण अपेक्षिले आहे. शहरातील अनेक शाळांमध्ये एका वर्गात याहून कितीतरी अधिक मुले बसतात. याउलट ग्रामीण भागातील द्विशिक्षकी शाळेत मुले थोडी असली, तरी एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. दोन्ही ठिकाणी शिक्षकाने एकट्याने सारे करण्याचा अट्टाहास सोडणे हिताचे ठरते. गटप्रमुख नेमून ती जबाबदारी आळीपाळीने सर्वांना द्यावी. आधी प्रत्येकाने स्वतः विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचे आणि नंतर वर्गासमोर मांडायचे, ही पद्धत साठ मुलांच्या वर्गातही चालते. बाके हलवावी लागत नाहीत आणि प्रत्येक मुलाला निदान एकदा तरी बोलायला मिळते.

अर्थात, व्यवस्थापनाचा सारा भार शिक्षकावर टाकून चालणार नाही. तासिका सुरू असताना वर्गात परिपत्रके पाठवणारे कार्यालय, नव्या शिक्षकाला सर्वांत अवघड वर्ग देणारे मुख्याध्यापक आणि तक्रारीखेरीज शाळेत न फिरकणारे पालक हेही या प्रश्नाचे भागीदार आहेत. नव्या शिक्षकाला अनुभवी सहकाऱ्याच्या तासाला बसू देणे आणि त्या सहकाऱ्याने नव्याचा तास पाहून चार गोष्टी सुचवणे, हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. सतत त्रास देणाऱ्या मुलामागे अनेकदा न दिसणारे कारण असते. कोणाला फळा नीट दिसत नाही, कोणी उपाशी येतो, कोणाला मागच्या इयत्तेचे वाचनच येत नाही. ते कारण शोधल्याखेरीज कोणताही नियम टिकत नाही.

उत्तम व्यवस्थापन असलेल्या वर्गात पाहुण्याला व्यवस्थापन दिसत नाही, दिसते ते केवळ शिकणे. शिक्षकाचा आवाज फारसा चढत नाही, मुले कामात असतात आणि शेवटच्या बाकावरील मूलही उत्तर देण्यासाठी हात वर करते. तो वर आलेला हात हीच चांगल्या वर्गाची खरी खूण होय.