कोपऱ्यातला तक्क्या

दोन महिन्यांपूर्वी आमच्या घरी कोपऱ्याचा सोफा आला. एका भिंतीला लागून चार जणांची जागा, दुसऱ्या भिंतीला लागून तिघांची, आणि मधे काटकोन. सोबत नऊ उशा. थोरल्या मुलीने मोबाइलवर पाहून त्या मांडल्या. मोठ्या मागे, मध्यम त्यांच्यापुढे, दोन लहान कोपऱ्यात तिरक्या. दिसायला छानच होतं.

त्या संध्याकाळी गावाकडून अब्बा आले. वय अठ्ठ्याहत्तर, सहा तासांचा एसटीचा प्रवास. ते सोफ्याच्या अगदी कडेला, पाठ न टेकता बसले. मी म्हटलं, “अब्बा, नीट मागं सरून बसा.” त्यांनी उशांकडे पाहिलं आणि म्हणाले, “मोडंल की सगळं. कष्टानं लावलंय पोरीनं.”

मुलीला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं, आणि ते बराच काळ डोक्यात राहिलं. कारण अब्बांचे वडील, म्हणजे माझे दादा, पिंजारी होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांसाठी गाद्या, लोड आणि तक्के भरले. ज्या वाड्यांत ते कापूस पिंजायला जात, तिथल्या बैठकीत मात्र ते कधी बसले नाहीत. धनुकली खांद्यावर टाकून जायचं, अंगणात काम करायचं, मजुरी घ्यायची आणि निघायचं. उशीला धक्का लागू नये म्हणून कडेला बसणं अब्बांनी कुठून उचललं असेल, याचा अंदाज मला होता.

उशा मांडणं हा किरकोळ विषय वाटतो. पण कुणी टेकून बसायचं, कुणी ताठ बसायचं आणि कुणी उभंच राहायचं, याचा हिशोब माणसांनी शतकानुशतकं याच मांडणीतून केला आहे. त्यात आपला, म्हणजे मुसलमानांचा, वाटा मोठा आहे. शब्दांपासूनच सुरुवात करू.

‘सोफा’ हा शब्द युरोपकडून आपल्याकडे आला, पण तो मूळचा अरबी आहे. अरबीत ‘सुफ्फा’ म्हणजे ओटा, चौथरा. तुर्की भाषेत त्याचा ‘सोफा’ झाला आणि सतराव्या शतकात तो युरोपच्या भाषांत शिरला. हा ‘सुफ्फा’ शब्द ऐकला की कुठल्याही मुसलमानाला मदिना आठवते. इ. स. 624 मध्ये किब्ला जेरुसलेमकडून काबागृहाकडे वळला. मस्जिदे नबवीचा उत्तरेकडचा छप्पर असलेला भाग मागे राहिला. खजुराच्या झावळ्यांच्या त्या छपराखाली ज्यांना घर नव्हतं, कुटुंब नव्हतं, हाताला काम नव्हतं, असे सहाबी राहू लागले. तेच असहाबे सुफ्फा. हजरत अबू हुरैरा त्यांच्यातलेच. आज ज्या वस्तूवरून घरच्या ऐपतीचा अंदाज बांधला जातो, तिचं नाव निर्धनांच्या ओट्याशी असं जोडलेलं आहे.

‘दिवाण’ची गोष्ट वेगळी. हा शब्द फारसीतून आला. हजरत उमर यांनी इ. स. 641च्या सुमारास सैनिकांच्या आणि इतर लोकांच्या वेतनाची नोंदवही सुरू केली, तिला दिवाण म्हणत. पुढे वही ठेवायची कचेरी दिवाण झाली, मग कचेरीत भरणारी सभा, आणि अखेर सभेतले लोक भिंतीला लागून ज्या लांब बैठकीवर बसत ती बैठकसुद्धा. मराठीने यातलं काहीच टाकलं नाही. आपल्याकडे दिवाणजी आहेत, दिवाणी दावे आहेत, दिवाणखाना आहे आणि त्यात ठेवायचा दिवाणही आहे.

आता कोपरा. उस्मानी तुर्कांच्या जुन्या घरांत खोलीच्या भिंतींना, बहुधा खिडक्यांखाली, लाकडी बैठक बांधलेली असे. ती दोन-तीन बाजूंनी वळत जाई. वर गादी, आणि भिंतीशी टेकायला घट्ट भरलेल्या उशांची रांग. जिथे दोन बाजू मिळत, तो कोपरा सर्वांत मानाचा. पाठीला एक भिंत, हाताला दुसरी, आणि समोर पूर्ण खोली व दार दिसतं. तुर्कीत मानाच्या जागेला आजही ‘बाश कोशे’, म्हणजे मुख्य कोपरा, म्हणतात. आपल्या शहरांतल्या फ्लॅटमधला एल आकाराचा सोफा पाहिला की मला ही जुनी बैठक आठवते. फरक एवढाच की ती भिंतीत बांधलेली होती आणि ही ट्रकमधून येते.

लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या इंग्रज राजदूताच्या पत्नीने 1717 साली एदिर्ने शहरातून लिहिलेल्या पत्रांत तुर्की घरांचं वर्णन केलं आहे. तिथे सोफा म्हणजे खोलीचा गालिचे अंथरलेला उंच भाग. त्यावर कडेने बैठक आणि भिंतीशी उशांच्या रांगा. एका तुर्की अधिकाऱ्याच्या पत्नीला तिने पांढऱ्या साटिनच्या, भरतकाम केलेल्या उशांना रेलून बसलेलं पाहिलं. ही बैठक तिला इतकी आवडली की आता खुर्च्या सोसवणार नाहीत, असं तिने लिहिलं. ती पत्रं तिच्या मृत्यूनंतर, 1763 साली छापली गेली. त्याच अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ‘ऑटोमान’ आणि ‘सुल्तान’ नावाची आसनं बनत होती. कपडा, उशा, आकार सगळं घेतलं गेलं. मागे राहिली ती बैठकीची रीत: कोण आलं की कोण सरकतं, कुणाला कोपरा द्यायचा.

हिंदुस्थानात उशीचं राजकारण अधिक उघड होतं. ‘मसनद’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थच टेकायची वस्तू. मोठ्या लोडाला गावतकिया म्हणत. यातल्या ‘गाव’चा आपल्या गावाशी संबंध नाही, फारसीत गाव म्हणजे गाय-बैल. बैलाएवढा तक्क्या, असा तो शब्द. दरबारात तो एकाच्या पाठीशी असे. मुघल बादशहासमोर मोठमोठे अमीरही हात बांधून उभे राहत. पुण्यात पेशवे मसनदीवर बसत. मराठीत तर सत्तेलाच आपण ‘गादी’ म्हणतो. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, मठाची गादी. दर्ग्यात सज्जादानशीन असतो, म्हणजे नमाजाच्या चटईवर बसणारा वारस. त्यालाही लोक गादीचा वारसच म्हणतात. कापूस भरलेल्या कापडाच्या तुकड्याला इतका भार क्वचितच कुठे मिळाला असेल.

इंग्रजांनी हे बरोबर ओळखलं होतं. हैदराबादच्या दरबारात ब्रिटिश रेसिडेंट अनेक वर्षं बूट काढून खाली बसत. 1869 मध्ये निजाम अफझलुद्दौला यांचं निधन झालं आणि जेमतेम अडीच वर्षांचे मीर महबूब अली खान गादीवर आले. तेव्हा रेसिडेंट साँडर्स यांनी बूट घालून येण्याचा आणि खुर्चीवर बसण्याचा आग्रह धरला व तो मान्य करून घेतला. लढाई न होता, फक्त बसण्याची पद्धत बदलून कोण वरचढ आहे हे दाखवता आलं. आमचा मराठवाडा त्याच राज्याचा भाग होता. पुढे जमीनदार, वकील, तहसीलदार यांच्या घरांत खुर्ची आली, लोड-तक्के आतल्या खोलीत गेले.

इथवरचा इतिहास आपण मोठ्या हौसेने सांगतो. लग्नाच्या पत्रिकांवर, कव्वालीच्या मैफिलीत, घराच्या सजावटीत मसनद आणि तक्क्या आला की आपल्याला ‘आपला जमाना’ आठवतो. पण तो जमाना आपल्यापैकी किती जणांचा होता? महाराष्ट्रातले बहुसंख्य मुसलमान मसनदीवर बसणाऱ्यांचे वारस नाहीत. ते कारागिरांचे, कष्टकऱ्यांचे वारस आहेत. तक्क्यात कापूस भरणाऱ्यांचे, त्याचं कापड विणणाऱ्या मोमिनांचे, ते रंगवणाऱ्या रंगरेजांचे.

पिंजाऱ्याला नदाफ म्हणतात, तोही अरबी शब्द, अर्थ तोच: कापूस पिंजणारा. मन्सूरी हे नाव लावणारे आपलं नातं मन्सूर हल्लाज यांच्याशी सांगतात. इ. स. 922 मध्ये बगदादेत सुळावर गेलेल्या त्या सूफीच्या नावातला ‘हल्लाज’ म्हणजेसुद्धा कापूस पिंजणारा. एवढं मोठं नाव जवळ असूनही खानदानी म्हणवणाऱ्या घरांनी पिंजाऱ्याशी सोयरीक करताना नाक मुरडलं. इस्लाममध्ये उच्चनीच नाही हे आपण मिंबरवरून सांगतो. दिवाणखान्यात मात्र कुणाला तक्क्या सरकवायचा आणि कुणाला दाराजवळ बसवायचं, हे आडनाव ऐकून ठरत आलं. आज महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत पिंजारी-नदाफ हे नाव आहे. ते तिथे का आलं, हे समजायला जुन्या बैठकींचा इतिहास पुरेसा आहे.

दादांची धनुकली अजून गावी आहे. लाकडाचा लांब दांडा, त्यावर ताणलेली आतड्याची तात. लाकडी ठोकळ्याने तात छेडली की टंग-टंग आवाज होई आणि गाठाळलेला कापूस धुक्यासारखा फुलून येई. दिवस संपता संपता दादांच्या भुवया पांढऱ्या होत. जुना, दबलेला लोड फोडून, कापूस पिंजून, उन्हात तापवून पुन्हा भरला की तो आणखी काही वर्षं चाले. आजच्या उशीत पॉलिएस्टरचा तंतू असतो. ती दबली की फेकतात. पिंजाऱ्याचा आवाज आधी शहरांतून गेला, मग गावांतून. गल्लीतल्या पोरांना आता तो माहीतही नाही.

आपल्या परंपरेतच या मसनदीला दुसरं उत्तर आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांची उशी चामड्याची होती आणि आत खजुराचा काथ्या भरलेला होता, असं हदीसमध्ये येतं. हातिमताईचा मुलगा अदी, तय्य जमातीचा सरदार, मदिनेत आला, तेव्हाची हकिकत इब्ने इसहाक यांच्या सीरतमध्ये आहे. घरी जाताना वाटेत एका वृद्ध स्त्रीने प्रेषितांना थांबवलं. ते बराच वेळ उभं राहून तिचं म्हणणं ऐकत राहिले. घरी पोचल्यावर त्यांनी ती काथ्याची उशी पाहुण्याकडे सरकवली. अदी म्हणाला, आपण बसा. प्रेषितांनी ऐकलं नाही. पाहुणा उशीवर बसला आणि यजमान जमिनीवर. ही राजाची रीत नव्हे, हे अदीने त्याच क्षणी ओळखलं.

दुसऱ्याच्या घरी त्याच्या मानाच्या आसनावर परवानगीशिवाय बसू नये, असंही हदीसमध्ये सांगितलं आहे. मला ही दोन्ही वचनं एकत्र वाचायला आवडतात. पाहुण्याने मानाची जागा बळकवायची नाही, आणि यजमानाने ती स्वतःजवळ ठेवायची नाही. मधे जी उशी उरते, ती द्यायची. मसनदीची सगळी ताकद ती एकाच्याच पाठीशी असण्यात होती. काथ्याच्या त्या उशीची ताकद ती सरकवण्यात होती.

सूरह गाशियात जन्नतच्या वर्णनात रांगेने मांडलेल्या उशा आहेत. म्हणजे उशा नीट लावण्यात काही वावगं नाही, मुलीला मी हेच सांगितलं. सौंदर्याची आवड वाईट नाही. फक्त त्या रांगा कुणीतरी येऊन टेकावं म्हणून आहेत.

मग आम्ही दोघांनी मिळून उशा पुन्हा लावल्या. कोपऱ्यात दोन मोठ्या, कडक भरलेल्या. एक पाठीला, एक हाताखाली, कारण म्हाताऱ्या माणसाला उठताना हाताचा आधार लागतो. सोफ्याच्या दोन टोकांना एकेक मध्यम. एक लहान उशी कंबरेसाठी, जिला हवी ती घेईल. उरलेल्या चार टोपलीत, सतरंजीवर बसणाऱ्यांसाठी. बसायची जागा मोकळी झाली. फोटोत ते तितकं चांगलं दिसत नाही, हे मुलीचं म्हणणं खरं आहे.

रात्री जेवण झाल्यावर तिने अब्बांना हाताला धरून कोपऱ्यात नेलं. ते थोडे संकोचले, मग मागे सरकले. हात आपोआप उशीकडे गेला. त्यांनी ती उचलली नाही, कौतुकही केलं नाही. अंगठ्याने दाबून पाहिली, शिवण तपासली आणि म्हणाले, “कापूस न्हाई ह्यात.”

“नाही, दादा,” मुलगी म्हणाली.

“मग लवकर बसंल ही,” अब्बा म्हणाले, आणि टेकले.