निगेटिव्हवरचे गोंदण

1975 ते 1979 या काळात मी एका तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओत रिटचिंगचे काम करीत होतो. निगेटिव्हवर उजेड-अंधार उलटा असतो. चेहऱ्यावरची सुरकुती, व्रण, काळसर छटा तिथे पारदर्शक दिसते. खालून आरशाने उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने बारीक टिंबे देत ती जागा भरायची. छापात ती उजळून निघते. मालकांची एकच सूचना असे : "काळेपणा काढ." मी बौद्धवाड्यातला. चार वर्षे मी आपल्याच माणसांचे चेहरे पुसत होतो आणि त्याला कसब समजत होतो.

एकदा आमच्या वस्तीतल्या एका म्हातारीचा फोटो आला. कपाळावर, हनुवटीवर गोंदण. ते गोंदण आहे हे मला पुरते ठाऊक होते; तरी भरून टाकले. तिचा मुलगा छाप हातात धरून परत आला. "दादा, बाई चांगली हाय, पण ही आमची आय न्हाई," एवढेच म्हणाला. मला उत्तर सुचले नाही.

हा इतिहास अर्थात माझ्या डेस्कापाशी सुरू होत नाही. 1868 ते 1875 या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. त्यांत जातीजमातींची माणसे नमुने म्हणून, खाली चिठ्ठी लावून मांडली आहेत. त्याआधी, 1863 आणि 1866 मध्ये, जॉन्सन आणि हेंडरसन यांच्या मुंबईच्या लोकांवरील दोन खंडांत तर वेगळ्या काढलेल्या माणसांच्या आकृती कापून दुसऱ्याच देखाव्यांवर बसवल्या आहेत. कोणी कुठे उभे राहायचे हे कात्रीने ठरवले! शिवाय त्या काळच्या कोलोडियन प्लेटला निळा प्रकाश चटकन कळे, तांबडा-पिवळा जवळजवळ कळत नसे. त्यामुळे सावळी कातडी होती त्याहून काळी उतरे. आधी प्लेटने काळे करायचे, मग पेन्सिलीने गोरे.

अमेरिकेतल्या फ्रेडरिक डग्लसने ही लबाडी फार लवकर ओळखली. 1838 मध्ये गुलामीतून निसटलेल्या या माणसाचे 160 च्या आसपास फोटो आज ठाऊक आहेत. त्या शतकात इतके फोटो दुसऱ्या कोणा अमेरिकनाचे निघाले नाहीत, असे अभ्यासक सांगतात. 1849 मध्ये एका पुस्तकातले स्वतःचे चित्र पाहून त्याने आपल्या ‘नॉर्थ स्टार’ पत्रात तक्रार केली, की चित्रकाराने चेहऱ्यावर हसू आणले आहे. पळून आलेल्या गुलामाच्या तोंडावर एवढी सौम्यता कुठली? पुढे तो कॅमेऱ्यासमोर चांगल्या कोटात, बहुधा न हसता, ताठ बसत राहिला.

यावर आमचे काही कार्यकर्ते विचारतात : मग कोट हेही रिटचिंगच नव्हे काय? मला तसे वाटत नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची तऱ्हा सोडा, कथला-चांदीच्या दागिन्यांचे ओझे टाका. बायांनी ते लगेच अमलात आणले. तो बदल नेसणारीने स्वतः केला. गोंदण मी पुसले, तिला न विचारता. तिने सांगितले असते तर गोष्ट वेगळी होती.

आमच्या स्टुडिओत सगळ्यांना मिळून एकच कोट होता. बारीक माणसाला तो मागून चिमटे लावून बसवायचा. बाह्या बोटांपर्यंत येत. पूर्णाकृती फोटोत कोटाखाली अनवाणी पाय दिसत, ते मालक छापताना कापून टाकीत. "हात मोकळे सोडा," म्हटले तरी कित्येकांचे हात आपोआप पोटाशी जुळत. तेव्हा मी याला पोझची चूक म्हणे. आज ते कापलेले पाय मला हवे आहेत. कोट पहिल्यांदा कोणाच्या अंगावर चढला आणि जोडे केव्हा आले, हे आमच्या गावापुरते दुसऱ्या कुठल्या दप्तरात लिहिलेले नाही.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मी काही निगेटिव्ह मागून घेतल्या. म्हातारीची निगेटिव्ह टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसली, शिसे निघाले. नवा छाप तिच्या नातवाला दिला. गोंदण सगळे आले आहे. हनुवटीपाशी माझ्या पेन्सिलीचे टोक रुतून थर खरवडला गेला होता, तिथे एक काळी रेघ उमटली. ती मी तशीच ठेवली.